मिआटाचे शॉकअप आणि स्प्रिंगा: गाडी खाली बसवण्यामागचा इतिहास

मॅझ्दाची एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मिआटा, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांपुढे आली, आणि तिचे शॉकअप-स्प्रिंगा बदलून देण्याचा धंदा आजतागायत चालू आहे. आपल्याकडे मॅझ्दा म्हटलं की स्वराज मॅझ्दाचा ट्रक नाहीतर शाळेची बस आठवते. ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी त्याच जपानी मॅझ्दाची. मूळचं सस्पेन्शन वाईट म्हणून लोक ते बदलतात असं वाटेल, पण तसं नाही. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या वर-खाली दोन भुजा, आणि वजन टनाच्या आत. स्वस्त गाडीत एवढं तेव्हा फार थोडे देत.

गाडी खाली बसवायची, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून तिची उंची कमी करायची, खोड मिआटाच्याही आधीची आहे. ती समजायला एमजीबी या उघड्या टपाच्या इंग्रजी गाडीकडे जावं लागतं.

१९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी निघाली. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे सलग ॲक्सल आणि त्याखाली ट्रकसारखे पाटे. शॉकअप मात्र आज आपण पाहतो तसे नळीचे नव्हते. तेलाने भरलेली धातूची एक पेटी बोल्टने गाडीला पक्की केलेली असे आणि तिच्यातून एक दांडा बाहेर येई. चाक वर-खाली झालं की दांडा हले आणि आतलं तेल बारीक वाटेतून ढकललं जाई. पुढच्या बाजूला हाच दांडा वरच्या विशबोनचंही काम करी. म्हणजे शॉकअप सैल पडला तरी तो नुसता काढून फेकता येत नसे, कारण चाकच त्याच्या आधाराने उभं. नळीचे शॉकअप बसवायचे तर एकतर जुनी पेटी नुसता सांधा म्हणून जागेवर ठेवायची, नाहीतर वरची भुजाच नवी घालायची. पेटीच्या दांड्याजवळचं सील गेलं की तेल पाझरे, आणि तेल कमी झालं की गाडी खड्ड्यानंतर डुलत राही.

मग १९७४ साल आलं. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांत बसावी म्हणून एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि गाडी एक-दीड इंच उचलली. वर खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडाही, काढून टाकला. वळणावर गाडी इतकी कलू लागली की १९७७ च्या मॉडेलला बार परत द्यावा लागला, शिवाय मागेही एक बसवावा लागला. या गाड्यांचे मालक आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली आणत, तेव्हा ते कारखान्याने केलेला बिघाडच निस्तरत होते. तिथे खाली म्हणजे चांगलं हे समीकरण खरं होतं.

हेच समीकरण पुढे मिआटावर आलं आणि तिथे ते फसलं. मिआटा मुळातच बुटकी. चाकाला वर जायला जागा मोजकी, आणि ती संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा फोमचा बंपस्टॉप दाबला जातो. अशा गाडीत आखूड स्प्रिंग घातली की उरलीसुरली जागाही जाते. वळणावर बाहेरचं चाक बंपस्टॉपवर टेकतं आणि त्या टोकाचा ताठपणा एकदम वाढतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी काय घट्ट झाली! प्रत्यक्षात ती फोमवर चाललेली असते. जुन्या गाडीत हा फोम हाताने चुरगळतो, तेव्हा तोही आधार उरत नाही.

दुसरी चूक हिशोबाची. स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट केला आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर त्याची आवरण्याची ताकद स्प्रिंगच्या तुलनेत साधारण सत्तर टक्क्यांवर येते. म्हणून आधी चांगला शॉकअप आणि मग स्प्रिंग, हा क्रम मला योग्य वाटतो. विकणारे बहुधा उलट सुचवतात, कारण स्प्रिंग स्वस्त असते आणि फरक डोळ्यांना दिसतो. लोटस या इंग्रज कंपनीचा संस्थापक कोलिन चॅपमन याच्या १९६२ च्या लोटस इलान गाडीत स्प्रिंगा मऊच होत्या. ताबा शॉकअपकडे होता.

मॅझ्दाने स्वतः अमेरिकेत १९९४ च्या आर पॅकेज या जास्तीच्या संचात बिल्स्टाइन या जर्मन कंपनीचे शॉकअप दिले. पुढे दुसऱ्या पिढीच्या मिआटाची शॉकअपची वरची टोपी वेगळ्या घडणीची आली. ती जुन्या गाडीला घातली की शॉकअपला दबायला जास्त जागा मिळते, म्हणून लोक तीच शोधून घालू लागले. भर उंची उतरवण्यावरून जागा वाचवण्याकडे सरकला तो इथे.

स्पेक मिआटा या फक्त मिआटांच्या शर्यतीत अनेक वर्षं सगळ्यांना एकच संच असे: बिल्स्टाइनचे शॉकअप आणि आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा, पुढे ७०० पौंडांच्या, मागे ३२५ च्या. म्हणजे पुढची स्प्रिंग एक इंच दाबायला सुमारे ३१८ किलो वजन लागतं. सपाट ट्रॅकवर हे शोभतं. रोजच्या रस्त्यावर पाठ मोडेल.

फिटिंगमधली एक गोष्ट जुने मेकॅनिक कधी विसरत नाहीत. विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी हवी त्यापेक्षा वर उभी राहते, आणि दोष नव्या स्प्रिंगांना दिला जातो.

२०१५ च्या चौथ्या पिढीतही गाडी वळणावर बरीच कलते. २०२२ च्या मॉडेलपासून मॅझ्दाने त्यावर स्प्रिंगा न बदलता उपाय काढला: जोरात वळताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लावायचा. त्याने मागचा भाग खाली ओढला जातो आणि कलणं कमी होतं. वजनात एका ग्रॅमचीही भर नाही.