अभ्यासिकेतला पिवळा हायलायटर

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला जागा मिळेल तिथे अभ्यासिका थाटलेल्या आहेत. एमपीएससीची मुलं सकाळी डबा घेऊन येतात ती रात्रीच बाहेर पडतात. त्यांची पुस्तकं बघण्यासारखी असतात. राज्यघटनेतलं आणीबाणीचं प्रकरण उघडा: पहिल्या वाचनाचा पिवळा रंग, दुसऱ्याचा गुलाबी, तिसऱ्याचा हिरवा. कोरी राहिलेली ओळ शोधावी लागते. ‘माझी चौथी रिव्हिजन चालू आहे’ हे वाक्य तिथे जरा ऐटीतच टाकलं जातं.

या चौथ्या रिव्हिजनचा हिशेब अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडला. विद्यार्थ्यांना सूर्य, समुद्री ऊदमांजर असल्या विषयांवरचे छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रं नुसता वाचला. म्हणजे सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं उतारा न बघता आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ वर टिकले. गंमत म्हणजे ‘आपल्याला पुढेही आठवेल’ अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती.

ही खात्री येते कुठून? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की मेंदूचा तिला मिळणारा प्रतिसाद मंदावत जातो, हे मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या एफएमआरआय चाचण्यांत दिसतं. ओळखीचं पान मेंदू कमी श्रमात उरकतो. तो सोपेपणा आपल्याला ‘आलं की!’ असा वाटतो. पण परीक्षेत पान समोर नसतं. कलम ३५२, ३५६ आणि ३६० पुस्तकात एकापाठोपाठ वाचताना लख्ख असतात. पेपरात ‘राष्ट्रपती राजवट कोणत्या कलमाखाली?’ एवढंच विचारलं की तिन्ही एकमेकांत मिसळतात. पुस्तक मिटून ते कलम आठवताना जो ताण येतो, ती जी चिडचिड होते, त्यातच आठवणीचा माग पक्का होत असतो. जुन्या घरांमध्ये दिवेलागणीला परवचा म्हणायचे, तोही पुस्तक न उघडता. त्याला आपण घोकंपट्टी म्हणून हिणवलं. अर्थ न कळता पाठ करण्यावरची ती टीका रास्तच होती, पण रोज न बघता आठवण्याची सवयही तिच्यासोबत गेली.

आता पालकांकडे वळू. ‘आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे,’ म्हणजे बघून शिकणारी, असं हल्ली शाळेच्या गेटपाशी सहज ऐकू येतं. काही ठिकाणी तर मुलाची ही शिकण्याची ‘शैली’ सांगायला बोटांचे ठसे घेऊन, फी घेऊन, रंगीत अहवाल दिला जातो. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच तयार होतात. त्यावरून मूल कसं शिकेल हे सांगता येतं याला पुरावा नाही. मुळात ‘शैली ओळखून शिकवलं की जास्त समजतं’ हा दावाच लंगडा आहे. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्र्यंबकेश्वरपासून गोदावरी कशी वाहत जाते हे शिकायचं तर नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, आणि ओवीची चाल सगळ्यांनाच ऐकावी लागते. कसं शिकवायचं हे विषय ठरवतो.

मुलांचा मध्यमेंदू ‘जागा’ करतो, मग ती डोळे बांधूनही वाचतील, असं सांगणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ क्लासेसबद्दल फार लिहायची गरज नाही. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचालींसारखी कामं जन्मापासून करतोच. तो बंद असता तर मूल क्लासपर्यंत चालत आलंच नसतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. फट नीट बुजवा, वाचन थांबतं.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी मात्र एक कामाची गोष्ट राहिली. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बहुतेक जण ‘आधी सिलॅबस होऊ दे’ म्हणून शेवटच्या महिन्यासाठी ठेवतात. प्रकरण वाचण्याआधीच त्यावरचे प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, उत्तरं चुकली आणि मग वाचताना बरोबर उत्तर सापडलं, तर ते जास्त लक्षात राहतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा प्रश्नपत्रिकांचा तो गठ्ठा पहिल्याच दिवशी काढायला हरकत नाही, दोन-चारच मार्क पडले तरी.