पाऊणकीचा पाढा आणि कॅलिफोर्नियाची ओहोटी

सोलापूरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे भरती-ओहोटीवरून वाद घालण्याचा प्रसंग आमच्या गल्लीत सहसा येत नाही. यंदा तो आला. मूळचे रत्नागिरीकडचे आणि गिरणीतल्या नोकरीमुळे सोलापूरकर झालेले आमचे शेजारी काका कॅलिफोर्नियात मुलाकडे राहून गड्ड्याच्या यात्रेआधी परतले आणि आल्या आल्या त्यांनी तक्रार मांडली की, तिकडचा समुद्र तिथी पाळत नाही.

लगूना बीच या गावात समुद्राकाठच्या कड्यावर हाइस्लर पार्क नावाची सार्वजनिक बाग आहे. कड्यावरच्या पायवाटेवरून लहान लहान पुळणींवर उतरता येते आणि ओहोटीच्या वेळी तेथील खडकांमध्ये साचलेली पाण्याची डबकी उघडी पडतात. ती पाहण्यासाठी काकांनी मार्गशीर्ष पौर्णिमेचा दिवस निवडला आणि लहानपणी शिकलेला हिशेब केला : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराला भरती आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी, साडेपाचच्या बेताला, ओहोटी. ते पाच वाजता खाली उतरले तेव्हा सूर्य मावळला होता आणि डबक्यांवर पाणी पुन्हा चढू लागले होते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना आडाखा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता भरती. याला अंधश्रद्धा समजून झटकून टाकणाऱ्यांनी पंचांगातली तिथीची व्याख्या एकदा वाचावी. आकाशात चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे 12 अंश सरकला की एक तिथी संपते. पृथ्वीला स्वतःभोवती 360 अंश फिरण्यास 24 तास लागतात, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटे. जुन्या मापात नेमक्या दोन घटका. त्यामुळे प्रत्येक तिथीगणिक चंद्र 48 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबई-कोकणात भरती बाराच्या आसपास येते, तेव्हा बारापासून तिथीमागे 48 मिनिटे मोजत जायचे, एवढेच. तासांत मांडल्यास हा गुणक 0.8 येतो, 0.75 नव्हे, पण आठ दशांशाचा पाढा कोणालाच येत नव्हता आणि पाऊणकी शाळेत घोकून घेतलेली होती. तिथीमागे तीन मिनिटांची चूक पंधरवड्यात साठून 45 मिनिटांची होते, म्हणूनच पौर्णिमेचे उत्तर बाराऐवजी सव्वाअकरा निघते. पुढच्या प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असल्याने ही चूक पंधरवड्यापलीकडे वाढत नाही. तोंडी करावयाच्या गणितात इतकी सुबक तडजोड मला दुसरी ठाऊक नाही.

मग ती कॅलिफोर्नियात का फसली? पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचे दोन फुगवटे असतात. चंद्राकडील पाण्यावरची ओढ पृथ्वीच्या मध्यावरील ओढीपेक्षा थोडी जास्त आणि पलीकडील पाण्यावरची थोडी कमी असते व या फरकातून ते दोन्ही उद्भवतात, इथपर्यंत चित्र बरोबर आहे. परंतु फिरणाऱ्या पृथ्वीवर फुगवट्याला चंद्राखाली राहायचे असेल तर विषुववृत्तावर त्याला ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने धावावे लागेल. इतक्या लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवरून ठरतो; खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे तो वेग. चार किलोमीटर खोल महासागरात तो ताशी जेमतेम 700 किलोमीटर भरतो. शिवाय वाटेत खंड आडवे येतात. त्यामुळे प्रत्यक्षात भरती ही महासागरांच्या खोऱ्यांत गोल फिरणारी लाट असते, आणि ती कोणत्या किनाऱ्यावर चंद्रानंतर किती तासांनी पोहोचेल हे त्या खोऱ्याच्या आकारावर अवलंबून असते. रोजचा उशीर बहुतेक ठिकाणी तिथीनुसारच वाढतो. सुरुवातीचा आकडा मात्र प्रत्येक बंदराचा वेगळा. आपल्याकडील बारा हा मुंबई-कोकणचा आकडा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात पौर्णिमेची भरती त्याच्या दोन-तीन तास आधी येऊन जाते. त्यातच तेथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात; चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस असला की एक बरीच खोल जाते आणि दुसरी उथळ राहते. हिवाळ्यात तेथील खोल ओहोटी दुपारी लागते, उन्हाळ्यात पहाटे.

येथे एक गोष्ट बाजूला काढून सांगितलीच पाहिजे, कारण दर पौर्णिमेला तो संदेश मोबाइलवर फिरतो : शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून चंद्र माणसाच्या मनातही भरती आणतो. भरती पाण्यामुळे येत नाही, ती ओढीतल्या फरकामुळे येते आणि तो फरक जाणवायला वस्तू अवाढव्य असावी लागते. अर्धा किलोमीटर लांबीचे तळे घेतले तर चंद्रामुळे त्याच्या दोन टोकांच्या पातळीत फार तर 0.04 मिलिमीटर फरक पडेल. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहून आजवर कोणी भरती पाहिली नाही, ती याच कारणाने. माणसाच्या उंचीला हा हिशेब लावला तर उत्तर मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांत येते. उलट सोलापूरची जमीन, तलाव आणि किल्ला यांच्यासह, चंद्र-सूर्यामुळे दिवसातून दोनदा फूटभराच्या घरात वरखाली होते. सगळे एकत्रच हलत असल्याने ते कोणालाही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी पंचांग बाजूला ठेवले, छापील तक्ता पाहिला आणि ते साडेतीनलाच हाइस्लर पार्कच्या खाली जाऊन बसले. पाणी हळूहळू मागे हटले तशी खडकावर चिकटलेली, शिंपल्यांच्या चुऱ्याने मढलेली गोळ्यांसारखी काही वस्तू त्यांना दिसली. दगडच समजून ते तिच्यावर पाय देणार होते. ती समुद्रफुले होती. पाणी ओसरले की हे प्राणी आपले पाकळ्यांसारखे हात आत ओढून घेतात आणि अंगाला चिकटवलेल्या शिंपल्यांच्या तुकड्यांमुळे उन्हात त्यांचा ओलावा टिकतो. शेजारच्या डबक्यात, हातभर खोल पाण्यात, तीच जात पाकळ्या पसरून बसलेली होती.