पालखीचा खांदा आणि ऑटोमॅटिक गाडीचा झटका

“गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल.” मामाच्या पंधरा वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा निकाल गॅरेजवाल्यानं एवढ्यात लावला, तोही गाडी चालवून न बघता. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी झटका मारायची आणि रिव्हर्स टाकला की खालून ‘धप्’ व्हायचं. मामा गाडी विकायलाच निघाला होता.

एक खुलासा आधीच करतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी वेगळी. ती मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिची मान डोलावणारी चाल हा बिघाड नव्हे. इथे विषय आहे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या, जुन्या ऑटोमॅटिकचा.

या गिअरबॉक्समध्ये दाते एकमेकांपासून कधी सुटतच नाहीत. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं, अशी चक्रांची मांडणी असते. कुठलं चक्र धरून ठेवलं यावर गिअर ठरतो. धरायचं काम क्लचच्या चकत्या करतात आणि त्यांना दाबतं ते तेल.

आता पालखी आठवा. चालत्या पालखीचा खांदा बदलताना नव्यानं भार घेण्याआधी जुन्यानं सोडला तर पालखी खाली येते. दोघंही धरून राहिले तर हिसका बसतो. गिअर बदलताना हेच होतं, तेही साधारण अर्ध्या सेकंदात. जुना क्लच लवकर सुटला तर इंजिनाचा काटा मध्येच वर उडतो. उशिरा सुटला तर दणका. नव्या क्लचच्या पिस्टनमागची पोकळी आधी तेलानं भरते, मगच दाब चढतो. चकत्या झिजल्या की पिस्टनला जास्त सरकावं लागतं, तेल जास्त लागतं, वेळ चुकते. संगणक असलेल्या अनेक गाड्या ही चूक ओळखून वेळ जुळवून घेतात, पण मर्यादेतच.

क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पेलेल? घर्षण गुणांक × दाबाचं बल × सरासरी त्रिज्या × घर्षण पृष्ठभागांची संख्या. यातली त्रिज्या आणि पृष्ठभाग ठरलेले. बदलतात ते दाब आणि गुणांक. चकत्या एकमेकींवर घसरत घसरत थांबतात. थांबण्याच्या क्षणी गुणांक एकदम वाढला तर त्या गपकन चिकटतात, जसा फळ्यावर खडू अडकत-सुटत किंचाळतो तसं. हे होऊ नये म्हणून तेलात लांब शेपटीचे रेणू घातलेले असतात. ते पोलादावर पातळ थर धरतात. उष्णतेनं आणि वयानं ते संपत जातात. मला तर हा अख्खा गिअरबॉक्स म्हणजे त्या थराची करामत वाटते!

म्हणूनच ‘जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो’ ही समजूत मला खटकते. लोक तेल बदलतात ते क्लच घसरायला लागल्यावर. मग आधीच जळालेल्या चकत्यांचं खापर नव्या तेलावर फुटतं. ‘आयुष्यभराचं तेल’ ही जाहिरातही तितकीच फसवी.

मामाच्या गाडीचं तेल आम्ही मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे, इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागी तपासलं. पट्टीवर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. पातळी घटली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, आणि फेस दाबला जातो म्हणून क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. नव्या तेलासारखा लाल नाही, चहासारखा तपकिरी; पण जळका वास नाही, चमकणारा धातूचा कीस नाही. हे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळीचा सांधा ओला होता.

नळी बदलली. तळाचा बोल्ट काढला तरी बरंच तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काही दिवसांच्या अंतरानं दोनदा बदललं, कंपनीनं सांगितलेल्याच प्रतीचं. तिसऱ्या गिअरचा झटका जवळजवळ गेला.

‘धप्’ मात्र तसंच. मामानं हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून डीवरून आरवर, म्हणजे रिव्हर्सवर, आणलं. मी बाजूला उभा राहून बॉनेटमध्ये पाहत होतो. इंजिन चांगलं दोन बोटं उचललं गेलं आणि आपटलं. इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं होतं.