पडवळ : आयुर्वेदीय आहारातील स्थान

पडवळ ही कूष्मांड कुलातील एक वर्षायू वेल असून तिची लांब, हिरवी, बहुधा पांढऱ्या रेघा असलेली कोवळी फळे भाजी म्हणून खातात. वनस्पतिशास्त्रात तिला ट्रायकोसँथिस क्युक्युमेरिना म्हणतात. तिची कडांना झालर असलेली पांढरी फुले रात्री उमलतात. फळे मांडवावरून लोंबत वाढतात व ती वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून त्यांच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची पद्धत आहे. पिकल्यावर फळ नारिंगी-तांबडे होते, मात्र तोवर ते भाजीच्या उपयोगाचे राहत नाही.

भाज्यांविषयी आयुर्वेदाची भूमिका आजच्या आहारसल्ल्याइतकी उदार नाही. बहुतेक शाके पचायला जड, रूक्ष आणि मलावरोध करणारी मानली असून ‘शाकेषु सर्वेषु वसन्ति रोगाः’, म्हणजे सर्व भाज्यांत रोग वसतात, हे वचन वैद्यपरंपरेत प्रसिद्ध आहे. या पार्श्वभूमीवर पटोलाला, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील ज्या भाजीला सामान्यतः पडवळ समजतात तिला, मिळालेला मान ठळकपणे दिसतो. अष्टांगहृदय या आयुर्वेदीय ग्रंथात वाग्भटाने ‘हृद्यं पटोलं कृमिनुत् स्वादुपाकं रुचिप्रदम्’ अशा शब्दांत त्याचे वर्णन केले आहे. म्हणजे ते हृदयाला हितकर, कृमिनाशक, पचनानंतर मधुर परिणाम करणारे आणि तोंडाला रुची आणणारे आहे. त्याच ग्रंथात नित्य सेवनास योग्य पदार्थांच्या यादीत साळीचा भात, गहू, मूग, आवळा, तूप, दूध यांच्या पंक्तीला पटोली बसवली आहे. रोजच्या ताटात चालेल असे थोड्याच भाज्यांबद्दल म्हटलेले असल्यामुळे ही नोंद महत्त्वाची ठरते. शरद ऋतूत पित्ताचा प्रकोप होतो तेव्हा भूक लागल्यावरच कडू, गोड व तुरट रसाचे हलके अन्न घ्यावे असे सांगताना तांदूळ, मूग, साखर, आवळा व मध यांच्याबरोबर पटोलाचा उल्लेख पुन्हा येतो.

चरकसंहितेत ज्वरात हितकर शाके सांगताना पटोलाची पाने व फळे, कर्टोली आणि कारले यांची नावे घेतली आहेत. तृप्तिघ्न, म्हणजे न जेवताच पोट भरल्यासारखे वाटणे दूर करणाऱ्या, आणि तृष्णानिग्रहण, म्हणजे तहान शमवणाऱ्या, अशा औषधींच्या दोन्ही गणांत (गटांत) चरकाने पटोल घातले आहे. तापातून उठलेल्या माणसाला अन्नाची वासना नसते आणि घसा कोरडा पडतो, हे लक्षात घेतले की रुग्णाच्या पथ्यात या भाजीची निवड का झाली हे सहज कळते. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथाने वनस्पतीचे भागही वेगळे केले आहेत : मूळ सुखाने रेच करणारे, नाळ कफ हरणारी, पाने पित्त हरणारी आणि फळ तिन्ही दोषांवर उपयुक्त.

येथे एक अडचण आहे. ग्रंथांतील पटोल आणि महाराष्ट्रातील बाजारात मिळणारे पडवळ एकच, असे सरसकट धरता येत नाही. उत्तर भारत व बंगालमध्ये पटोल म्हणून परवल ही वेगळी जाती घेतली जाते, तर महाराष्ट्रात व केरळात औषधासाठी रानात उगवणारे कडू पडवळ वापरतात. भावप्रकाशकारांना हा फरक जाणवलेला दिसतो. पांढऱ्या रेघांच्या, फार लांब फळाला ते ‘चिचिण्ड’ म्हणतात, त्याला वातपित्तशामक, बलकारक, पथ्यकर व रुचकर ठरवतात आणि गुणांनी पटोलापेक्षा किंचित उणे असल्याचेही सांगतात. स्वयंपाकघरातल्या पडवळाला लागू पडते ते हे वर्णन. पटोलाची सगळी स्तुती त्याच्या नावावर जमा करणाऱ्या आजच्या लेखनाने या श्लोकाकडे पाहायला हवे.

भाजी कशी करावी याबद्दलही ग्रंथांत सूत्र आहे : शाक वाफवून, पाणी पिळून काढून, भरपूर स्नेह (तूप-तेल) घालून शिजवले तर फारसे दोषकर होत नाही. पडवळाच्या चकत्यांना मीठ लावून त्या पिळून घेण्याची मराठी घरांतली रीत याच्या जवळ जाते. चण्याची डाळ घालून केलेली भाजी, कोकणातली डाळिंब्या-पडवळ, कढीत सोडलेले पडवळ, भाद्रपदातील ऋषिपंचमीच्या मिश्र भाजीत पडलेले त्याचे तुकडे, असे त्याचे अनेक अवतार आहेत. मात्र चणे व वाल आयुर्वेदाच्या मते वात वाढवणारे असल्याने आजाऱ्यासाठी पडवळ मुगाच्या डाळीबरोबर, तुपात जिरे-हिंगाची फोडणी देऊन करणे अधिक शास्त्रसंमत होय. भरपूर ओले खोबरे घातलेली भाजी चवीला उत्तम, पण तिला पथ्य म्हणणे कठीण.

कडू पडवळाचा काढा हा आहार नसून औषध आहे. सुश्रुताच्या पटोलादि गणात चंदन, मोरवेल, गुळवेल, पहाडमूळ व कुटकी यांच्यासह ते येते आणि पित्तकफाचे विकार, ताप, खाज, अरुची यांवर योजले जाते. ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. याउलट लागवडीतले पडवळ चाखल्यावर कडूजहर लागले, तर ते औषधी समजून खाऊ नये. या कुलातील फळांत कडवटपणा आणणारी कुकुर्बिटासिने अधिक प्रमाणात पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात.