नाकाबंदीत पोलिसांचा व्हिडिओ काढता येतो का? कागदपत्रं, मर्यादा आणि तक्रार अर्ज

रात्रीच्या नाकाबंदीत मोबाईल वर केला की “व्हिडिओ बंद कर, नाहीतर गुन्हा दाखल करीन” असा दम मिळतो. पण सार्वजनिक रस्त्यावर ड्युटीवर असलेल्या पोलिसाचं नुसतं चित्रीकरण करणं हा गुन्हा आहे, असं सांगणारं कलम ना भारतीय न्याय संहितेत आहे, ना मोटार वाहन कायद्यात. वर्ध्यातल्या एका प्रकरणात थेट पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ लावला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. या कायद्याच्या कलम २(८) मधल्या ‘प्रतिबंधित ठिकाणां’मध्ये पोलीस ठाणं येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. ठाण्याच्या आत जो कायदा लागू झाला नाही, त्याची भीती चौकातल्या बॅरिकेडजवळ घालू देऊ नका.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या, कारण माणसं अडकतात ती इथे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ नुसार कर्तव्यावरच्या पोलिसाच्या वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे. “चार पावलं मागे व्हा” ही वाजवी सूचना आहे. मागे व्हा आणि तिथून चित्रीकरण चालू ठेवा. अंगावर धावून जाणं, कॅमेरा तोंडासमोर धरणं, हात झटकणं यातून न्याय संहितेचं कलम २२१ (कामात अडथळा) किंवा १३२ (हल्ला किंवा बळाचा वापर) लागू शकतं. मग तुमचा व्हिडिओ तुमच्याच विरोधात वापरला जातो.

कागदपत्रं आधी दाखवा, प्रश्न नंतर विचारा. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं (मोटार वाहन कायदा, कलम १३०). आरसी, विमा आणि पीयूसीही लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे ही सगळी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात. मात्र गॅलरीतला फोटो पुढे करू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडून दाखवा. लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची पोच मिळणं हा कलम २०६ खालचा तुमचा हक्क आहे. पावतीशिवाय लायसन्स सोडून येऊ नका.

त्यानंतर शांतपणे विचारा: साहेब, आपलं नाव? बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक)? कोणतं ठाणं, कोणतं कलम? उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न रेकॉर्ड होतो, तेवढंही पुढे कामाला येतं. अटकच करत असतील तर कारण सांगणं आणि नातेवाईकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७ आणि ४८).

मोबाईल हिसकावून “डिलीट कर” म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. गुन्ह्याशी संबंधित वस्तू म्हणून फोन जप्त करायचाच असेल तर तशी रीतसर नोंद व्हावी लागते. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतः करायचं. कायद्याने कॅमेरा त्यांच्याच हातात दिला आहे, तर नागरिकाच्या हातातल्या कॅमेऱ्यावर एवढा राग कशासाठी?

तक्रार कुठे आणि कशी

शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षक यांच्या नावे साधा लेखी अर्ज चालतो. त्याला फी नाही. बेकायदा अटक, गंभीर इजा, खंडणी, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग अशा बाबी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे नेता येतात. तिथे पीडित व्यक्ती, तिच्या कुटुंबातलं कुणी किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, गाडीचा नंबर, पोलिसाचं नाव किंवा बक्कल नंबर आणि घडलेलं त्याच क्रमाने लिहा. विशेषणं टाळा. सोबत ओळखपत्राची प्रत, ई-चलान किंवा पावती, साक्षीदारांची नावं आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह जोडा. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या आणि तो कागदही लावा.

मूळ व्हिडिओ फोनमध्ये तसाच ठेवा. कापू नका, त्यावर मजकूर टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली फाईल ही मूळ फाईल राहत नाही. कोर्टात प्रत द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. व्हिडिओत दुसऱ्या गाडीतली बाई किंवा लहान मूल दिसत असेल तर तो समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण त्यांचा या वादाशी संबंध नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक बारनिशीत (आलेल्या अर्जांची नोंद होते तिथे) द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा शिक्का नसेल तर पुढे “अर्ज मिळालाच नाही” असं उत्तर येऊ शकतं. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.

महिनाभर हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांच्या आत लिहा आणि आवक क्रमांक देऊन अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करता येतं.