वीजग्रीड मॉडेलचे स्वयंचलित रूपांतर

पारेषण जाळ्याचे एका सॉफ्टवेअरमधील गणिती मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात प्रोग्रामद्वारे बदलण्याची प्रक्रिया. लोड फ्लो (कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते याचे गणित) आणि स्थिरतेच्या अभ्यासासाठी भारतात पीएसएस/ई, तर सेकंदाच्या अंशात घडणाऱ्या क्षणिक घटनांसाठी पीएसकॅड हे सॉफ्टवेअर वापरले जाते. पॉवरफॅक्टरी, मॅटपॉवर, पांडापॉवर यांच्या फायलींचा साचा आणखी वेगळा. बीड-धाराशिवच्या माळरानावरील पवन किंवा सौर प्रकल्पाला आंतरराज्य ग्रीडची जोडणी हवी असेल, तर पीएसएस/ई आणि पीएसकॅड अशी दोन्ही मॉडेले सादर करावी लागतात. मराठवाड्यात या विषयाची गरज पडते ती मुख्यतः इथे.

पाच सॉफ्टवेअरमध्ये थेट रूपांतर करायचे तर वीस प्रोग्राम लागतात. मध्ये एक तटस्थ रचना ठेवली की दहा पुरतात. आयईसी ६१९७० या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतील सीआयएम (कॉमन इन्फर्मेशन मॉडेल) ही अशीच सामाईक रचना असून युरोपातील पारेषण कंपन्या तिच्यावर आधारित सीजीएमईएस स्वरूपात मॉडेलांची देवाणघेवाण करतात.

रकाने जुळवणे सोपे असते. घोळ होतो तो आकड्यामागच्या गृहीतकात. परळी (नवीन) येथील ७६५/४०० केव्ही उपकेंद्रात १५०० एमव्हीए क्षमतेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आहे. त्याचा अवरोध (इम्पीडन्स) स्वतःच्या क्षमतेच्या पायावर समजा १५ टक्के असेल, तर १०० एमव्हीए या सामाईक पायावर तो १ टक्काच होतो. पीएसएस/ईच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे जाळ्याची माहिती ठेवणाऱ्या मुख्य फाइलमध्ये, कोणता पाया धरला आहे हे सीझेड नावाचा एक अंकी संकेत सांगतो. तो न वाचता ०.१५ हा आकडा जसाच्या तसा उचलला, की अवरोध पंधरापट होतो. लोड फ्लो तरीही सुटू शकतो, फक्त वीज भलत्याच वाहिन्यांवरून वाहताना दिसते. प्रोग्राम बंद पडला असता तर बरे, असे वाटायला लावणारी ही चूक.

चालू-बंद स्थितीचा रकानाही असाच. परळी औष्णिक केंद्रातले ३० मेगावॉटचे दोन जुने संच केव्हाच बंद झाले. पण अशी नोंद फाइलमध्ये 'बंद' शेऱ्यासह राहिली आणि रूपांतरात तो शेरा गळाला, तर कागदावर संच पुन्हा धडधडू लागतात.

नावांवरून बस (मॉडेलमधले जोडबिंदू, जिथे वाहिन्या, रोहित्रे, संच एकत्र येतात) जुळवणे मराठवाड्यात विशेष धोक्याचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. त्यात रॉ फाइलमध्ये बसच्या नावाला बाराच अक्षरांची जागा. इंग्रजीत लिहिलेले पूर्ण 'छत्रपती संभाजीनगर' तिथे मावतच नाही. परळी नावाचीही एकाहून अधिक उपकेंद्रे आहेत. म्हणून बस क्रमांक आणि व्होल्टेज पातळी यांवर भिस्त ठेवतात.

रूपांतरानंतर दोन्हीकडे लोड फ्लो चालवून प्रत्येक बसचे व्होल्टेज व कोन ताडून पाहतात. मात्र ते जुळले म्हणून जमिनीशी होणाऱ्या दोषाचा प्रवाहही जुळेल असे नाही. त्या गणिताला लागणारे शून्यक्रम (झिरो सीक्वेन्स) अवरोध रॉ फाइलमध्ये नसतात, वेगळ्या फाइलमध्ये असतात; ती सोबत नेली नाही तर काही प्रोग्राम तिथे गुपचूप ठोकळ मूल्ये भरतात.

पवनचक्की किंवा इन्व्हर्टरच्या नियंत्रकाचे मॉडेल अनेकदा कंपनीकडून बंद डीएलएल (आधीच संकलित केलेली प्रोग्राम फाइल) स्वरूपात येते. आतले समीकरणच दिसत नसल्याने रूपांतरक तिथे हात टेकतो. मग उत्पादकाकडून दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठीचे मॉडेल मागवावे लागते, नाहीतर रेजीसी_ए, रीईसी_ए यांसारखी प्रमाणित सर्वसाधारण मॉडेले घेऊन, व्होल्टेज अचानक खाली आणल्यावर दोन्हींचा प्रतिसाद एकमेकांवर बसेपर्यंत त्यांचे गुणांक हाताने जुळवावे लागतात.