मामाचा व्हॉइस मेसेज आणि कपड्यांचा प्रयोग

मागच्या ऑक्टोबरात पिंपळगावला मामाकडे चाललो होतो आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेवढ्यात मामाचा व्हॉइस मेसेज आला, पावणेतीन मिनिटांचा. परवा द्राक्षांवर अमुक औषध मारलं त्याने फरक पडला, आभाळ लई भरून आलंय, पानांवर तेलकट डाग दिसतायत, मजुरांनी रेट वाढवला, मामीचा गुडघा परत धरलाय, आणि सगळ्यात शेवटी, "तर तेच औषध येताना घेऊन ये." आता तेच म्हणजे कोणतं? नाव पहिल्या दहा सेकंदात येऊन गेलेलं. परत लावून ऐकायचा कंटाळा केला (ही चूक माझीच), अंदाजाने एक डबा उचलला आणि अर्थातच चुकीचा निघाला.

मला वाटलं माझंच डोकं गंजलंय, पण अमेरिकेत १९७२ साली जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलेलं. लोकांना एक उतारा ऐकवला: आधी वस्तूंचे वेगवेगळे गट करा, कमी असतील तर एकच गट पुरतो, एका वेळी फार घेऊ नका, असलं काहीतरी. शब्द सगळे सोपे, पण डोक्यात काही शिरत नाही. काहींना आधीच सांगितलं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट आठवलं. आणि ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितलं? त्यांना काडीचा उपयोग झाला नाही, ते काहीच न सांगितलेल्यांच्या रांगेत.

कारण असं की ऐकताना डोक्यात एका वेळी फार मावत नाही. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये हा आकडा साधारण ४ गोष्टी असा मांडला. मुद्दा कशाचा आहे हे आधी कळलं तर मेंदू कामाचं धरतो आणि बाकीचं सोडून देतो, नाहीतर मामीचा गुडघा आणि औषधाचं नाव एकाच भावात जातं आणि नवीन आलं की जुनं बाहेर.

यात अजून एक गंमत आहे. जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं की बोलणं म्हणजे नुसती माहिती देणं नाही, बोलून आपण काहीतरी करत असतो. "आभाळ भरून आलंय" हे आई म्हणाली तर गच्चीवरचे कपडे काढा, मित्र म्हणाला तर भजी, आणि द्राक्षवाला म्हणाला तर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) येणार, फवारणी आजच. वाक्य एकच. मामाच्या डोक्यात फवारणी इतकी पक्की की ते वेगळं सांगायचं असतं हे त्याच्या लक्षातच येत नाही, आणि मी शहरात, सिडकोत राहणारा, मला आपला पाऊस दिसतो.

हे सगळं मी मामाला सांगितलं. आता तो मेसेजची सुरुवातच "काम ऐक आधी" अशी करतो, काम सांगतो, आणि मग पुढची अडीच मिनिटं गुडघा.